इतर : एकसष्ट टक्के

रुग्णालयांच्या व्यवस्थापन समितीत डॉक्टरांना सदस्य म्हणून घ्यावे, असे परिपत्रक आले तेव्हा मी त्याला दोन भोके पाडली, दोरी ओवली आणि ते 'माहितीस्तव' या फाइलीत लावून टाकले. ज्या कागदांतली माहिती मला नको असे, ते कागद मी या फाइलीत ठेवत असे. फाइल बरीच जाड होती.

मी या सार्वजनिक रुग्णालयाच्या देखभाल विभागाचा प्रमुख आणि व्यवस्थापन समितीचा सचिव. शिक्षण तंत्रनिकेतनात, यंत्र शाखेत. तिथून बाहेर पडताना एक ठाम मत सोबत घेऊन निघालो होतो, ते असे की प्रत्येक संस्था हे एक यंत्र असते. रुग्णालयही यंत्रच. रुग्ण एका बाजूने आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि मध्ये डॉक्टर नावाचे काही सुटे भाग असतात. सुट्या भागांनी आराखड्यात नाक खुपसू नये. हा विचार मी एकदा एका निरोपसमारंभात सविस्तर मांडला होता. टाळ्या अगदीच तुरळक पडल्या. निरोप एका डॉक्टरांचाच होता, हे मला खाली बसल्यावर आठवले.

कर्मचारी माझ्यामागे मला 'अनुक्रमांक' म्हणत. हे मला बऱ्याच वर्षांनी कळले आणि खरे सांगायचे तर आवडले.

परिपत्रकानंतर स्मरणपत्र आले, त्यानंतर दुसरे स्मरणपत्र आणि शेवटी संचालकांचा फोन. तेव्हा माझा नाइलाज झाला. डॉक्टरांपैकी कोणाला घ्यावे याचा मी पद्धतशीर विचार केला. सर्जन आवाज चढवतात, बालरोगवाले सतत हसतात, हाडांचे डॉक्टर टेबलावर हात आपटतात. म्हणून मी भूलतज्ज्ञ बाईंची निवड केली. माझा तर्क असा होता की जी व्यक्ती आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवत आली, तिच्यापासून समितीला कसला उपद्रव होणार?

समितीची बैठक दर बुधवारी सकाळी अकराला होत असे. बाई पहिल्याच बैठकीला पाच मिनिटे आधी येऊन बसल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले आणि हातात एक साधी वही.

"मी आज रजा टाकून आलेय," त्या म्हणाल्या. "अकराला आम्ही सगळे शस्त्रक्रियागृहात असतो. मीटिंगला यायचं तर डॉक्टरला रजा काढावी लागते, एवढं इतिवृत्तात घ्या."

त्याआधीची दोन वर्षे मी प्रत्येक इतिवृत्तात 'निमंत्रित डॉक्टर अनुपस्थित' असे लिहीत आलो होतो, आणि त्यावरून डॉक्टरांना व्यवस्थापनात रस नसतो, असा निष्कर्षही काढला होता. बाईंचे म्हणणे मी 'ऐन वेळचे विषय' या शीर्षकाखाली घेतले.

त्या दिवशीचा मुख्य विषय माझा अहवाल होता. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन शस्त्रक्रियागृहे आहेत. कामाची वेळ आठ ते चार. मी वर्षभराची आकडेवारी गोळा करून सिद्ध केले होते की दोन्ही गृहांत पहिली शस्त्रक्रिया रोज सरासरी अठ्ठ्याण्णव मिनिटे उशिरा सुरू होते. एवढा वेळ वाया घालवणे परवडत असेल, तर दोन गृहांची गरजच नाही. सगळे काम एकाच गृहात बसेल. दुसरे बंद करून तिथे रुग्णालयाची जुनी कागदपत्रे ठेवावीत, अशी माझी शिफारस होती. त्या खोलीतली हवा कोरडी असते, कागदाला वाळवी लागत नाही. माझी सत्तेचाळीस कपाटे वऱ्हांड्यात उभी होती आणि त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटत असे.

अहवाल संचालकांना फार आवडला होता. विशेषतः त्यातला विलंबाच्या कारणांचा रंगीत आलेख. सर्जन उशिरा येणे लाल, भूलतज्ज्ञ उशिरा येणे निळा, रुग्णाचे अहवाल न मिळणे पिवळा, अशी सात कारणांची सात रंगांत विभागणी होती. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संचालक स्वतः येऊन दुसरे गृह बंद करण्यावर शिक्कामोर्तब करणार होते.

बाईंनी आलेख जवळ ओढला, चष्मा कपाळावर चढवला.

"हा करडा भाग कसला?"

"इतर," मी म्हणालो.

"इतर म्हणजे?"

"किरकोळ. सातांपैकी कोणत्याही कारणात न बसणारे."

"एकसष्ट टक्के किरकोळ?"

एव्हाना मला घाम फुटायला हवा होता. तंत्रनिकेतनात आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवले होते की वर्गीकरणात 'इतर' पाच टक्क्यांच्या वर गेले, तर वर्गीकरण चुकले आहे असे समजावे. हा नियम मी पुढे हाताखालच्या तीन पिढ्यांना पाठ करायला लावला. तरीही मी शांतपणे म्हणालो, "त्याचा स्वतंत्र अभ्यास करावा लागेल."

"मग करू या की. सोमवारी सकाळी पावणेआठला वर या. फार दिवस लागायचे नाहीत."

"पूर्वसूचना न देता?"

"तुम्हालाच देतेय ना आता!" बाई वही मिटत म्हणाल्या. "आणि हे बघा साहेब, दिवसाची सुरुवात दीड तास उशिरा झाली की यादीतला शेवटचा पेशंट चारच्या आत बसत नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी असतो तो. त्याला दुपारी जाऊन 'आज नाही, आता जेवून घ्या' असं सांगायचं काम माझ्याकडे असतं. एक गृह बंद केलंत तर रोज अशा दोघांना सांगावं लागेल, तिघांना लागेल. तुमच्या आलेखात त्यांचा रंग कुठला?"

मी 'मुद्दा नोंदवला' असे म्हणालो. हे वाक्य मी समोरच्याने बोलणे थांबवावे म्हणून वापरतो. त्या थांबल्या, पण माझ्याकडे पाहत राहिल्या.

सोमवारी मी सात चाळीसला तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. आत जाण्यासाठी मला हिरवा सदरा, हिरवी विजार आणि टोपी घालावी लागली. विजार तोकडी होती. थांबघड्याळ मात्र मी सोडले नाही.

शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या खोलीत ढकलखाटेवर एक बाई निजल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या होत्या, पित्ताशयात खडे झाले होते. दोन वेळा त्यांना उपाशी ठेवून परत पाठवले होते, ही तिसरी खेप. म्हणून या वेळी भूलतज्ज्ञ बाईंनी त्यांचे नाव यादीत पहिले लावले होते. परिचारिकांची उपकरणे मांडून झाली होती. सर्जन हात धुवायच्या खोलीशेजारी स्टुलावर कादंबरी वाचत बसले होते.

आठ वाजून सहा मिनिटांनी भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आमचं सगळं तयार आहे. लावा घड्याळ."

मी घड्याळ सुरू केले. कोणी हलले नाही. सर्जनांनी पान उलटले.

"आता कशाची वाट पाहायची?" मी विचारले.

"सहीची."

"कोणाच्या?"

"तुमच्या विभागाच्या," बाई म्हणाल्या आणि दारावर लावलेल्या तक्त्याकडे बोट दाखवले. 'यंत्रसज्जता पत्रक. या पत्रकावर देखभाल विभागाची स्वाक्षरी झाल्याखेरीज शस्त्रक्रिया सुरू करू नये.' अक्षर माझे. खालची लफ्फेदार सहीही माझीच.

त्या पत्रकाला इतिहास आहे. अकरा वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेच्या मध्यावर छतावरचा दिवा गेला होता. सुदैवाने दुसरा दिवा होता, रुग्णाला काही झाले नाही. पण मी आठवडाभर नीट झोपलो नाही. मग मी रोजच्या तपासणीची यादी केली. तिच्यात सहा बाबी होत्या. वाफ तळमजल्यावरून वर चढते, पाणीही खालून वर जाते. म्हणून तपासणीचा क्रमही तळमजल्यापासून वर, असा मी शास्त्रशुद्ध नियम घातला. शस्त्रक्रियागृह सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणून यादीत सर्वांत शेवटी. शेवटचे स्थान हा मान आहे, असेही मला वाटत होते. पुढे दरवर्षी मी यादीत भर घालत गेलो. सहाच्या एकतीस बाबी झाल्या. शस्त्रक्रियागृहाचा मान मात्र मी कायम ठेवला.

"साहेब, तुम्ही इथे उभेच आहात," बाई म्हणाल्या. "तपासा आणि करा की सही. चार मिनिटांचं काम."

यावर मी जे उत्तर दिले ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले, म्हणून इथे लिहिण्याचे धाडस करतो. मी म्हणालो, "तीस क्रमांकाची बाब पूर्ण झाल्याखेरीज एकतीसवर सही करता येत नाही."

सर्जनांनी पुस्तकात बोट घालून ते मिटले. खाटेवरच्या बाईंनी मान वळवली.

"का हो साहेब, तीस नंबरला काय असतं?"

मला यादी पाठ होती. "तिसऱ्या मजल्यावरच्या प्रतीक्षाकक्षातला दूरदर्शन संच."

"म्हणजे बाहेर टीव्ही लागल्याशिवाय माझं पोट उघडायचं नाही?"

"तसा थेट संबंध नाही," मी म्हणालो.

"मग आडून आहे का?"

परिचारिका पाठ फिरवून कापसाचे बोळे पुन्हा मोजू लागली. तिचे खांदे हलत होते. सर्जन अतिशय सभ्यपणे म्हणाले, "साहेब, या वर्षात माझ्या सतरा कादंबऱ्या वाचून झाल्या. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते."

मी बाहेर पडलो आणि त्याच हिरव्या वेशात जिन्याने खाली निघालो. आमचा तपासणी करणारा मिस्त्री मला पहिल्या मजल्यावर सापडला. तो अनुक्रमांक बारावर होता, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी. मला पाहून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"साहेब! काय झालं? ऑपरेशन आहे का तुमचं?"

"माझं काही नाही. तू आधी वर चल. एकतीस कर."

"नाही जमायचं, साहेब."

"मी सांगतोय."

"तुम्हीच सांगितलंय ना, म्हणून तर. नियम चार. क्रम बदलल्यास लेखी खुलासा." त्याने खिशातून पाकीट काढले आणि पाकिटातून एक चौघडी कागद. "मागच्या वर्षी भूलवाल्या बाई खूप ओरडत होत्या, म्हणून मी आधी वर गेलो होतो. तुम्ही मेमो दिलात. जपून ठेवलाय. बायको म्हणते, फ्रेम करून लावा."

मेमो मी वाचला. भाषा निर्दोष होती. 'आपण शिस्तभंग करून रुग्णांचा जीव धोक्यात घातला आहे.'

"मग आता काय करायचं?" मी विचारले. हा प्रश्न मी हाताखालच्या माणसाला आयुष्यात प्रथमच विचारत होतो.

"लेखी द्या. लगेच येतो."

हिरव्या सदऱ्याला खिसा नव्हता, त्यामुळे पेनही नव्हते. मिस्त्रीनेच आपले पेन दिले, वाकून पाठ पुढे केली आणि त्या पाठीवर कागद ठेवून, त्याच मेमोच्या मागच्या बाजूला, मी क्रम बदलण्याचा आदेश लिहिला. "तारीख घाला, साहेब," तो खालूनच म्हणाला. "नाहीतर उद्या तुम्हीच विचाराल."

शस्त्रक्रियागृहाची तपासणी चार मिनिटांत झाली. आठ वाजून एकतीस मिनिटांनी खाट आत गेली. मी थांबघड्याळ बंद केले. पंचवीस मिनिटे. मी जिन्याने खाली गेलो नसतो, तर नेहमीप्रमाणे पावणेदहा वाजले असते.

त्यानंतर मी कार्यालयात जाऊन दार लावून घेतले आणि वर्षभराची विलंबपत्रके समोर ओढली. या पत्रकावर सात छापील कारणे असतात, आठवे 'इतर'. समोर खूण करायची आणि खाली शेऱ्यासाठी एक ओळ. आमच्या लिपिकाला मी बजावले होते, "खुणा मोजा, शेरे सोडा. खूण म्हणजे माहिती, शेरा म्हणजे तक्रार." त्याने तंतोतंत पाळले होते. आता मी शेरे वाचू लागलो. 'सहीची वाट.' 'सहीची वाट.' 'देखभालवाले अजून दुसऱ्या मजल्यावर.' 'पुन्हा तेच.' 'हे कोणी वाचतं का?' चार दिवसांनी त्याच हस्ताक्षरात, 'वाचत नाही, खात्री झाली. आज माझा वाढदिवस आहे.' आणि मधूनमधून भूलतज्ज्ञ बाईंचे बसके अक्षर : 'शेवटच्या पेशंटला परत पाठवलं.' कधी त्यापुढे, 'रडल्या.' 'इतर'च्या चारशे बारा पत्रकांपैकी तीनशे सत्त्याण्णव पत्रकांवर एकच कारण होते. सात कारणे छापताना मी सर्वांचा विचार केला होता. स्वतःचा तेवढा राहिला.

घरी गेल्यावर मी हिला सगळे सांगितले. ही शाळेत गणित शिकवत असे. माझ्या आकडेवारीकडे ती अजूनही तपासायच्या वहीसारखी पाहते.

"मग आता?" तिने विचारले.

"दोन मार्ग आहेत. एक, उद्यापासून यादीचा क्रम गुपचूप बदलायचा. दोन महिन्यांत आकडे आपोआप सुधारतील. कोणाला काही कळणार नाही."

"आणि शुक्रवारी बंद होणारी खोली?"

"तो मुद्दा दुसऱ्या मार्गात येतो."

"अहो, मग दुसराच मार्ग आहे. पहिला कशाला मोजताय?"

"अगं, चार महिन्यांवर निवृत्ती आलीये माझी. संचालक म्हणालेत, निरोपाच्या दिवशी तो आलेख मोठा करून व्यासपीठावर लावणार."

"लावू दे ना. करड्या भागात तुमचा फोटो चिकटवा म्हणावं." मग माझा चेहरा पाहून तिने ताट वाढता वाढता आवाज उतरवला. "या घरात पाहुणे दारात उभे असतात आणि तुम्ही आधी दिव्याची बटणं तपासून मग कडी काढता. आम्ही हसून सोडून देतो. त्या उपाशी बायकांनी का सोडायचं?"

शुक्रवारी संचालक वेळेवर आले. सभागृहात आलेखाच्या चकचकीत प्रती प्रत्येकाच्या पुढे ठेवल्या होत्या. त्यांनी माझ्या चिकाटीचे कौतुक केले, 'तांत्रिक शिस्त असलेली माणसं आता मिळत नाहीत' असे म्हणाले, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितले. भूलतज्ज्ञ बाई समोर बसल्या होत्या. सोमवारचा सगळा प्रकार त्यांना ठाऊक होता; त्यांनी तोंड उघडले असते, तर दोन मिनिटांत माझे वाभाडे निघाले असते. त्या गप्प बसून पेनाचे टोपण काढत-लावत होत्या. त्यांनी हल्ला केला असता तर मला बचाव तरी करता आला असता.

मी उभा राहिलो. "विलंबाचं आठवं कारण सापडलं आहे," मी म्हणालो. "ते मी आहे."

संचालक हसले. त्यांना तो विनय वाटला. मग मी पत्रक दाखवले, क्रम दाखवला, एकतीस बाबी वाचल्या. तीसवर आलो तेव्हा ते हसायचे थांबले.

"दूरदर्शन संच?"

"होय."

"शस्त्रक्रियेच्या आधी?"

"मजल्यांच्या क्रमाने, साहेब."

"पण हा आलेख मी आणखी तीन रुग्णालयांना नमुना म्हणून पाठवलाय! त्यांचेही आकडे असेच आलेत. डॉक्टर सगळीकडे सारखेच, असं मी लेखी कळवलंय वर."

इथे मला बसून घेता आले असते. "ती यादी त्यांच्याकडेही आहे," मी म्हणालो. "सहा वर्षांपूर्वी मीच पाठवली. त्यांनी मागितली होती."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काही वेळ नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मग ते बाईंकडे वळले. "डॉक्टर, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"नऊ वर्षं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आम्ही रोज सांगत होतो, साहेब. लेखी. तुमच्यापर्यंत यायला खुर्ची लागते, ती गेल्या आठवड्यात मिळाली."

पुढचे सगळे भराभर उरकले. दुसरे गृह बंद करण्याचा प्रस्ताव मागे घ्यावा. तपासणी कोणत्या क्रमाने करायची हे यापुढे भूलतज्ज्ञ बाई ठरवतील आणि देखभाल विभाग त्याप्रमाणे काम करील. समितीची बैठक दुपारी साडेचारला होईल. तिन्ही रुग्णालयांना नवा क्रम कळवावा. पत्र मी लिहावे.

मी सचिव असल्याने ठरावाचा मसुदाही मलाच करायचा होता. संचालक माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "कारणाच्या जागी 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहा. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

'तांत्रिक कारणास्तव' हा शब्दप्रयोग मी आयुष्यात किमान हजार वेळा वापरला असेन. उद्वाहन बंद पडले, पाणी आले नाही, माझी चूक झाली, तरी तो कधी कमी पडला नाही. पेन आपसूक 'तां' लिहून गेले. समोर टोपणाचा आवाज थांबला. मी वर पाहिले नाही, तरी बाई पाहत आहेत हे मला कळत होते.

मी 'तां' खोडले. स्वच्छ कागदावर खाडाखोड करण्याची ही माझी पहिलीच वेळ असावी. त्यापुढे मी लिहिले, 'देखभाल विभागप्रमुखांनी घालून दिलेल्या चुकीच्या क्रमामुळे', आणि ते मोठ्याने वाचून दाखवले.

"फार कडक झालं," संचालक म्हणाले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. मग थोडे थांबून, "'चुकीच्या' काढलं तरी चालेल."

"नाही," मी म्हणालो. "मग वाक्य अपुरं राहतं."

संचालकांनी उसासा टाकला. "ठराव मांडतंय कोण?"

"मीच."

"अनुमोदन?"

"माझं," बाई म्हणाल्या.

"कोणाचा विरोध?"

या समितीत विरोध नोंदवण्याचे काम गेली चौदा वर्षे माझ्याकडेच होते. सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिलो.